इंजिनाला पिस्टन कोणता घ्यावा?

विहिरीवरचे डिझेल इंजिन थकले की हाताला कळते. हँडल फिरवताना दाब लागत नाही. निळा धूर येतो, ऑइल लवकर संपते. शेजारी म्हणतो, "पिस्टन गेला." मग आपण बाजारात जातो आणि मिळेल तो पिस्टन घेऊन येतो. पैसे जातात, पाणी बंदच राहते, आणि इकडे ऊस वाळत असतो.

झीज नुसत्या पिस्टनची नसते. पिस्टन ज्या नळीत वरखाली धावतो, त्या नळीला लायनर म्हणतात. तिच्या आतल्या व्यासाला म्हणतात बोअर. वरची रिंग जिथून परत फिरते, तिथे लायनर सर्वांत जास्त झिजतो. त्याच्या वर न झिजलेली कड उरते. बोट फिरवून बघा, नखाला लागेल. अशा लायनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घातल्या, तर वरची रिंग त्या कडेवर आपटून मोडते.

म्हणून आधी मोजायचं. एक फीलर गेज आणि जुनी रिंग पुरते. रिंग लायनरच्या तळाशी ठेवा. तिथे झीज फार थोडी असते. उलट्या पिस्टनने ती ढकला, म्हणजे तिरपी बसणार नाही. तिच्या दोन टोकांमधली फट मोजा. मग तीच रिंग वर, कडेच्या जरा खाली आणून पुन्हा मोजा. दोन फटींमधल्या फरकाला ३.१४ ने भागा.

किर्लोस्करच्या ए.व्ही.१ या पाच घोड्यांच्या इंजिनाचा बोअर ८० मिलिमीटर असतो. समजा, खाली फट ०.९० आली आणि वर १.८५. फरक ०.९५. भागल्यावर आले ०.३०. म्हणजे बोअर ८०.३० झाला!

मोठ्या मापाचे पिस्टन ०.२५, ०.५० असे वाढत्या मापात येतात. त्यांना ओव्हरसाइझ म्हणतात. इथे ०.२५ चा कितीही स्वस्त मिळो, तो फुकट आहे. बोअर त्याच्या पुढे गेलेला आहे. ०.५० चा घ्यायचा आणि लायनर तेवढा कापून घ्यायचा. मात्र कापण्याआधी नव्या लायनर-पिस्टनच्या जोडीचा भाव विचारा. मजुरी धरून थोडाच फरक पडत असेल, तर आम्ही जोडीच घेऊ.

कापायचेच ठरले तर पिस्टन आधी विकत घ्या आणि कारखान्यात तोच नेऊन द्या. कारागीर त्याच्यावर माप घेऊन लायनर कापील. ॲल्युमिनियम तापले की बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. मधे पुरेशी जागा ठेवली नाही, तर पिस्टन जाम होतो.

जुन्या बाजारातला पिस्टन दिसायला चकचकीत असतो, पण रिंगेच्या खाचा बघा. नवी रिंग खाचेत वरखाली डुलली, तर तो परत ठेवा.

दुकानात जाताना आपला पिस्टन सोबत न्या. आधी त्याच्या डोक्यावरची काजळी खरवडा. पूर्वी कोणी मोठा घातला असेल, तर तिथे बहुधा माप कोरलेले सापडते. मग दोन्ही पिस्टन शेजारी धरून एकच पिन दोघांच्या भोकांतून घाला. दोघांची डोकी एका पातळीत आली पाहिजेत. नवा उंच असला तर वर हेडला ठोकर देतो. बुटका असला तर दाब कमी पडतो, आणि थंडीच्या सकाळी इंजिन लवकर सुरू होत नाही.