अजगराचा भटारखाना

डोंबिवलीच्या एका वाचकांनी विचारलं आहे, 'बॉल पायथनचं पिल्लू घरी आणून पाच आठवडे झाले. उंदीर पुढे ठेवला की तोंड फिरवतं. काय करावं?' सोबत आतापर्यंत करून पाहिलेल्या उपायांची यादीही आहे. रोज नवा उंदीर, मग जिवंत उंदीर, आणि आता जबडा उघडून भरवण्याचा विचार. पिल्लाच्या उपासाचं निम्मं कारण मला या यादीतच दिसतं.

लग्नाच्या कार्यालयातला भटारखाना आठवा. मुहूर्त नसतात तेव्हा चुली थंड, पातेली पालथी, आचारी गावाला गेलेले. वऱ्हाड नक्की झालं की एका रात्रीत सगळं जागं होतं, सरपण येतं, भट्ट्या धडाडतात. पण वऱ्हाडाची खात्री नसेल तर मालक काडीसुद्धा ओढणार नाही, कारण भट्टी पेटवणं हाच मोठा खर्च. अजगराचं पोट अगदी असं चालतं. उपाशी अजगराच्या जठरात आम्ल जवळपास नसतंच. तिथला सामू पाण्यासारखा, सातच्या आसपास. भक्ष्य गिळल्यावर तो दिवस-दोन दिवसांत दोनच्याही खाली येतो. लहान आतड्याचं वजन एक-दोन दिवसांत जवळजवळ दुप्पट होतं, यकृत आणि मूत्रपिंडं वाढतात. भक्ष्य फार मोठं असेल तर शरीराचा ऊर्जाखर्च चाळीसपटीच्याही पुढे जातो. डर्बीत धावणाऱ्या घोड्याला जे जेमतेम साधतं, ते हा प्राणी वेटोळं घालून पडल्यापडल्या करतो! जेवण पचलं की सगळं पुन्हा आक्रसतं.

हे बर्मीज अजगरांवर मोजून दाखवलं स्टीफन सीकोर यांनी, 1990च्या दशकात, लॉस एंजेलिसमध्ये जॅरेड डायमंड यांच्या प्रयोगशाळेत. 'गन्स, जर्म्स अँड स्टील'चे हेच ते डायमंड. ते पुढे मानवी इतिहासाकडे वळले आणि जगप्रसिद्ध झाले. सीकोर अलाबामाला गेले आणि सापांची पोटं मोजत राहिले. त्यामुळे अजगराच्या पचनाचा विषय निघाला की नाव डायमंड यांचं घेतलं जातं. माझ्या मते हा उलटा न्याय आहे.

या विषयात बातमीबाजीही भरपूर झाली. जेवल्यावर 48 तासांत अजगराचं हृदय 40 टक्क्यांनी वाढतं, असा निष्कर्ष 2005 साली 'नेचर'मध्ये आला. कोलोरॅडोच्या लेस्ली लाइनवांड यांच्या गटाने 2011 मध्ये त्यामागची तीन मेदाम्लं शोधली आणि ती टोचल्यावर उंदरांचीही हृदयं वाढली. लगेच 'अजगराच्या रक्तातून हृदयरोगावर औषध' असे मथळे झळकले. औषध अजून दुकानात आलेलं नाही. शिवाय नंतरच्या काही प्रयोगांत हृदय तेवढं वाढलेलं दिसलंच नाही. भट्टी पेटते हे मात्र कोणीही नाकारलेलं नाही.

भट्टी बंद असताना काय होतं, हे मार्शल मॅक्यू यांनी 2007 मध्ये दाखवलं. त्यांनी तीन जातींचे साप सुमारे 24 आठवडे उपाशी ठेवले. त्यांत आपल्या वाचकांच्या घरातली जातही होती. सापांनी आपला विश्रांतीतला ऊर्जाखर्च जास्तीत जास्त 72 टक्क्यांनी कमी केला आणि त्या उपासातही त्यांची लांबी थोडी वाढली. पाच आठवड्यांच्या उपासाने आपला जीव कासावीस होतो. मोठ्या बॉल पायथनला त्याचं फारसं काही वाटत नाही. पिल्लाची शिदोरी लहान असते, हा फरक मात्र विसरू नये.

भट्टी पेटवण्याआधी अजगर खात्री करतो ती मुख्यतः उष्णतेची. त्याच्या ओठांवर खळगे असतात आणि त्यांतून त्याला अंधारातही भक्ष्याची ऊब जाणवते. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 2010 मध्ये या जाणिवेमागचं प्रथिन ओळखलं, ते टीआरपीए1. (ज्युलियस यांना 2021चं नोबेल मिळालं, ते मिरचीच्या तिखटापासून सुरू झालेल्या संशोधनासाठी.) गंमत म्हणजे हेच प्रथिन आपल्यातही आहे. मोहरी फेसताना नाकात झिणझिण्या येतात त्या याच्यामुळे. सापांनी त्याचा उष्णतामापक करून टाकला!

आता फ्रीजरमधून काढून नुसता मऊ केलेला उंदीर या ओठांसमोर धरा. अजगराच्या लेखी तिथे काहीच नाही. उंदीर पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचा, जिवंत उंदराच्या अंगाइतका म्हणजे 38 अंशांच्या आसपास ऊबदार करायचा, कोरडा करायचा आणि लांब चिमट्याने धरून किंचित हलवायचा. उकळत्या पाण्यात नको, शिजलेलं मांस अजगराला नको असतं. आकार पिल्लाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतका, त्याहून मोठा नको.

दुसरी अडचण ओळखीची. लुइसेली आणि अँजेलिची यांनी 1998 मध्ये नायजेरियातल्या रानटी बॉल पायथनांचा आहार तपासला, तेव्हा 70 सेंटिमीटरपेक्षा लहान अजगर मुख्यतः पक्षी खाताना आढळले. मोठे झाल्यावर ते सस्तन प्राण्यांकडे वळतात. पांढऱ्या उंदराकडे पाहून पिल्लू गोंधळलं तर नवल नाही. म्हणूनच काही पाळणारे उंदराला कोंबडीच्या पिल्लाचा वास लावून देतात. या युक्तीमागे असा थोडा आधार आहे.

तिसरी अडचण भीतीची, आणि आमच्या ठाणे-डोंबिवलीच्या फ्लॅटांत ती सर्वांत मोठी. पश्चिम आफ्रिकेत हा प्राणी वाळवीच्या वारुळात किंवा उंदराच्या बिळात, चारी बाजूंनी अंग टेकेल अशा जागी राहतो. इथे तो हॉलमधल्या काचपेटीत, टीव्हीसमोर, पाहुण्यांच्या हातांखाली. त्याला अंगाला घट्ट बसतील अशा दोन लपणी द्या, एक उबेच्या बाजूला, एक गार बाजूला. उबेची बाजू 31-32 अंश, गार बाजू 26च्या आसपास, आणि हीट मॅटला थर्मोस्टॅट हवाच. एसी लावून झोपता त्या खोलीत पेटी ठेवू नका. डिसेंबरच्या रात्री ऊब नसेल तर आधी ऊब सुधारा, मग उंदीर. पेटीच्या तीन बाजू कागदाने झाका. आठवडाभर हात लावायचा नाही, झाकण फक्त पाणी बदलायला उघडायचं. मग संध्याकाळी, दिवे मंद करून, एकदाच खाणं द्यायचं. नाकारलं तर पुन्हा आठवड्याने. डोळे दुधाळ निळसर दिसत असतील तर कात टाकून होईपर्यंत विषयच काढू नका. जिवंत उंदीर पेटीत सोडू नका. न खाणाऱ्या अजगराला उंदीरच चावतो, आणि त्या जखमा वाईट असतात. जबडा उघडून भरवणं हे पशुवैद्याचं काम आहे.

एक प्रश्न वाचकांनी विचारलेला नाही, तो मी विचारतो. पिल्लू आलं कुठून? डिसेंबर 2023 मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पुड्यांमध्ये नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. नोव्हेंबर 2024 मध्ये डोंबिवलीच्या पलावा वसाहतीतल्या एका फ्लॅटमधून वनविभागाने ओरांगउटानच्या पिल्लासह साप, कासवं आणि इग्वाना ताब्यात घेतले. बिस्किटांच्या पुड्यात घडी होऊन आलेलं, तहानलेलं पिल्लू आठवडेच्या आठवडे खाणार नाही, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. 'सांभाळायला एकदम सोपा' म्हणून ते विकणारा हे सांगत नाही. बॉल पायथन आता वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहे, आणि 2024च्या नियमांप्रमाणे त्याची 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बदलापूर-येऊरकडे पावसाळ्यात निघतो तो आपला अजगर पहिल्या अनुसूचीतला. त्याचं पिल्लू सापडलं म्हणून घरी ठेवलं तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. ते वनविभागाकडेच जायला हवं.

दर आठवड्याला एकाच वेळी, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पिल्लाचं वजन करून लिहून ठेवा. वजन टिकून असेल तर घाई नाही. दहा टक्क्यांहून अधिक घटलं, तोंडात चिकट लाळ दिसली किंवा श्वासाला शिटीसारखा आवाज आला, तर विदेशी प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी जा. आणि एखाद्या संध्याकाळी पिल्लाने उंदीर ओढून गिळला, तर आनंदाच्या भरात त्याला बाहेर काढून फोटो काढू नका. किमान दोन दिवस हात नको आणि ऊब कमी पडायला नको, कारण पेटलेली भट्टी थंड झाली तर आतला उंदीर पचण्याआधीच कुजतो आणि पिल्लू उलटी करतं. तसं झालं तर पुढचे दहा-पंधरा दिवस फक्त पाणी, आणि त्यानंतरचा उंदीर आधीपेक्षा लहान.