वृद्ध मांजराचे मन रमवताना

मांजर म्हातारे झाले आहे, ही गोष्ट घरच्यांच्या ध्यानी फार उशिरा येते. माणसाचे केस पिकतात, पाठ वाकते, हाती काठी येते; मांजराच्या बाबतीत असे ठळक काही दिसत नाही. ते पूर्वीपेक्षा थोडे अधिक झोपते, कपाटाच्या माथ्यावर चढण्याचे सोडून कोचाच्या एका कोपऱ्यात पडून राहते आणि दारावरची घंटा वाजली तरी मान वळवत नाही. घरातील मंडळी कौतुकाने म्हणतात, 'आता किती शांत झाले आहे!' ही शांतता समाधानाची, दुखण्याची की निव्वळ कंटाळ्याची, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेख त्या प्रश्नासाठी आहे.

वयाचा हिशेब

पशुवैद्यांच्या प्रचलित आडाख्यानुसार मांजराचे पहिले वर्ष माणसाच्या १५ वर्षांएवढे धरतात. दुसरे वर्ष संपताना ते २४ वर्षांचे होते आणि पुढील प्रत्येक वर्ष माणसाच्या ४ वर्षांबरोबर मोजले जाते. या हिशेबाने १० वर्षांचे मांजर ५६ वर्षांचे, तर १५ वर्षांचे मांजर ७६ वर्षांचे ठरते. दहा वर्षे ओलांडली की त्याला ज्येष्ठ मानतात. वाहने, कुत्री आणि संसर्ग यांपासून सुरक्षित असल्याने घरातच राहणारी मांजरे पंधरा-सोळा वर्षे जगणे आता नवलाचे राहिलेले नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ऑस्टिन येथील 'क्रीम पफ' नावाची मांजरी १९६७ ते २००५ अशी ३८ वर्षे ३ दिवस जगली. गिनेस बुकात तिची नोंद आहे. तो अपवाद सोडला, तरी साध्या घरगुती मांजराच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा वार्धक्याचा असू शकतो. तो कसा जावा, हे सर्वस्वी आपल्या हाती असते. कारण बंद सदनिकेतील मांजराला आपण देऊ तेवढेच जग मिळते.

थकलेल्या जनावरांना सांभाळणे आपल्या व्यापारी समाजाला नवे नाही. मुंबईतील भुलेश्वरची पांजरपोळ १८३४ सालापासून उभी आहे. चारा, पाणी आणि निवारा ही तिची त्रिसूत्री. घरातील वृद्ध मांजराला यांखेरीज आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे त्याच्या स्वभावाला साजेसा उद्योग.

बँकेच्या नोकरीत मी अनेक वयोवृद्ध व्यापारी पाहिले. धंदा मुलांच्या हाती गेलेला, वह्या संगणकात गेलेल्या. पण पासबुक भरून आणण्याचे काम त्यांनी हट्टाने स्वतःकडे ठेवलेले असे. त्या निमित्ताने घराबाहेर पडणे होई, चार ओळखीचे चेहरे भेटत आणि दिवसाला आकार येई. घरी दोन्ही वेळचे सुग्रास जेवण तयार असतानाही माणसाला हे लागते. मांजरालाही लागते. प्रश्न एवढाच, की मांजराचे काम कोणते?

शिकारीविना शिकार

मांजराचे निसर्गदत्त काम शिकारीचे. टेहळणी, दबा, झडप, पकड, मग खाणे, अंग चाटणे आणि झोप, अशी त्याच्या दिवसाची साखळी असते. वाटीत आयते अन्न मिळाले की तिच्या आरंभीच्या कड्या गळून पडतात आणि उरते खाणे नि झोपणे. खेळ त्या कड्या पुन्हा जोडतो, तेही एकाही जिवाला इजा न करता. ज्या घरात मुंगीलाही जपून पाऊल टाकले जाते, त्या घरासाठी याहून सोयीची गोष्ट नाही.

याला संशोधनाचाही आधार आहे. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाने बाहेर हिंडून शिकार करणाऱ्या मांजरांचा अभ्यास केला; तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दररोज पाच ते दहा मिनिटे मालकाने खेळवलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार सुमारे २५ टक्क्यांनी घटली. दहा मिनिटांच्या खर्चावर हा परतावा कोणालाही पटण्याजोगा आहे.

आधी दुखणे पाहावे

खेळ सुरू करण्यापूर्वी पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. अमेरिकेत बारा वर्षांवरील १०० मांजरांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यांपैकी ९० मांजरांच्या सांध्यांत झिजेच्या खुणा आढळल्या. मांजर लंगडत नाही, कण्हत नाही. ते उडी मारणे सोडून देते, आणि आपण त्याला आळशी ठरवतो. मूत्रपिंडाचे विकार, थायरॉईडचा अतिरेक, रक्तदाब, दातांचे दुखणे आणि दृष्टिदोष हेही या वयात वारंवार आढळतात. रात्री-अपरात्री मोठ्याने ओरडत फिरणे हे यांपैकी एखाद्याचे किंवा स्मृती मंदावल्याचे लक्षण असू शकते. दुखऱ्या मांजराला बळेच खेळवणे हा त्याच्यावर अन्यायच होय. घरातील पॅरासिटामॉलची गोळी त्याला कदापि देऊ नये; मांजरासाठी ती प्राणघातक विष ठरते.

घराची मांडणी

संगमरवरी किंवा गुळगुळीत लाद्यांवर म्हाताऱ्या मांजराचे पाय घसरतात आणि मग ते चालणेच कमी करते. त्याच्या नेहमीच्या वाटेवर जुनी सतरंजी किंवा गोणपाट अंथरावे. आवडत्या खिडकीपाशी एक पाट, त्यावरच्या टप्प्याला एक चौरंग, अशा पायऱ्या कराव्यात. उडी मारता येत नाही म्हणून बंद झालेले खिडकीबाहेरचे जग त्याला परत मिळते. समोरच्या झाडावरील पक्षी, खालून जाणारा भाजीवाला, शाळेतून परतणारी मुले हे त्याचे दूरदर्शन. खिडकीला मजबूत जाळी हवीच.

मांजराला ऊब प्रिय असते. आपल्याला उकडते असे ३० अंशांवरचे तापमान त्याला सुखाचे वाटते. म्हणूनच ते इन्व्हर्टरवर जाऊन बसते. थंडीत उन्हाच्या कवडशात एक घडी घातलेली गोधडी पुरते. मलमूत्राच्या तबकाची एक बाजू बुटकी ठेवावी, म्हणजे त्याला पाय फार उचलावा लागत नाही.

दुकानातून येणारी रिकामी खोकी टाकून देऊ नयेत. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठाच्या २०१४ मधील अभ्यासात, निवाऱ्यात नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपायला खोकी मिळाली, ती इतरांपेक्षा लवकर निवळली. खोक्याची एक बाजू कापून आत फडके घालावे. आठवड्याने खोके बदलले की नव्या वासाचीही मेजवानी मिळते. आमच्या घरी कापडाचे खोके आले की चौदा वर्षांची मनी त्याचे चारही कोपरे हुंगल्याशिवाय जेवत नाही.

खेळवावे कसे

तरुण मांजराला वेग आवडतो. वृद्धाला संथ, जमिनीलगतचा खेळ मानवतो. काठीच्या टोकाला दोन बोटे रुंद कापडी पट्टी बांधावी आणि ती त्याच्यापासून दूर सरकवत न्यावी. भक्ष्य कधी शिकाऱ्याकडे धावत येत नाही. मांजराला नाकासमोरचे वीतभर अंतरावरील नीट दिसत नाही, तेव्हा पट्टी हातभर लांब ठेवावी. मध्येच ती उशीआड लपवावी, थांबावे, किंचित हलवावी. मांजर नुसते टक लावून पाहत असेल, तर तोही खेळच समजावा. टेहळणी हा शिकारीचा मोठा भाग असतो.

सकाळ-संध्याकाळ तीन ते पाच मिनिटे पुरेत. पहाट आणि तिन्हीसांजा या त्याच्या स्वाभाविक जागेपणाच्या वेळा आहेत. शेवटी पट्टी त्याच्या पंजात येऊ द्यावी आणि लगेच जेवण वाढावे, म्हणजे साखळी पूर्ण होते. लेझरच्या ठिपक्यामागे धावणाऱ्या मांजराच्या हाती काहीच लागत नाही. तो खेळ टाळावा, वा निदान शेवटी खरी वस्तू पकडू द्यावी.

व्यापारी घरांसाठी एक सावधगिरीची सूचना. सुतळी, रबरबँड, पार्सलची फीत, साडीच्या काठाचे धागे, राख्यांचे दोरे घरभर असतात. मांजराच्या जिभेवरील काटे मागच्या दिशेने वळलेले असल्याने तोंडात गेलेला धागा त्याला बाहेर टाकता येत नाही. तो आतड्यात अडकून जीव घेऊ शकतो. खेळ संपताच काठीपट्टीही कपाटात ठेवावी.

नाक, कान आणि स्पर्श

दृष्टी मंदावली तरी नाक बरेच दिवस साथ देते. सफरचंदांच्या पेटीत येणाऱ्या कागदी साच्यांच्या खळग्यांत त्याच्या कोरड्या खाद्याचे काही दाणे ठेवावेत. हुंगत, पंजाने काढत खाण्यात दहा मिनिटे जातात. मात्र संपूर्ण जेवणासाठी कष्ट लावू नयेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील २०२१ च्या अभ्यासात बहुतेक मांजरांनी कोड्यातल्या अन्नापेक्षा आयते अन्न पसंत केले. चौथा हिस्सा उद्योगासाठी, बाकीचे वाटीत, असे प्रमाण ठीक. ओले अन्न किंचित कोमट केल्यास वास खुलतो आणि मंदावलेली भूक चाळवते.

मांजर आपले नाव ओळखते, हे जपानी संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले. दिवसातून काही वेळा उगाचच नावाने हाक मारावी. त्याच्याकडे पाहून सावकाश डोळे मिटावेत आणि उघडावेत. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात मांजरांनी या खुणेला तशाच खुणेने प्रतिसाद दिला आणि तसे करणाऱ्या परक्या माणसाच्याही ती अधिक जवळ गेली. ऐकू येत नसेल तर पाठीमागून एकदम हात लावू नये, समोरून यावे. सांधे आखडल्यामुळे पाठ चाटता येत नाही, म्हणून रोज मऊ ब्रशने विंचरावे आणि नखे वाढून तळव्यात रुतत नाहीत ना, हेही पाहावे.

आहाराविषयी स्पष्ट बोलणे

हा विषय आपल्या घरांत अवघड आहे, तरी टाळता येत नाही. मांजर शरीररचनेनेच मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे द्रव्य त्याला अन्नातूनच मिळावे लागते आणि वनस्पतींत ते जवळजवळ नसते. त्याच्या अभावी दृष्टिपटल निकामी होते, हे १९७५ मध्ये, तर हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हे १९८७ मध्ये सिद्ध झाले. एक्सेटरच्या उपरोक्त अभ्यासातही मांसप्रथिनांनी समृद्ध खाद्यामुळे शिकार ३६ टक्क्यांनी घटली होती. दूध-पोळीवर मांजर सुखाने जगते, हा समज सोडावा. अनेक प्रौढ मांजरांना दूध पचत नाही, आणि गोड चव तर मांजराला कळतच नाही. मांजर घरी आणावे की नाही, याचा निर्णय कुटुंबाने हे जाणून आधीच करावा. जे आधीच घरी आहे व वृद्ध झाले आहे, त्याचा आहार आपल्या मनाने एकाएकी बदलू नये. दोन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठून ते दगावू शकते. उपवास माणसाने स्वेच्छेने करावा. मुक्या जिवावर तो लादू नये. कांदा-लसूण मात्र त्याच्या रक्तपेशींना घातक असल्याने, ते न शिजणाऱ्या घरांत मांजर तेवढे अधिक सुरक्षित!

नोंदवही

एक छोटी वही ठेवावी. महिन्याच्या पहिल्या तारखेला वजन, खेळातील उत्साह, पाणी पिण्यातील वाढ-घट, एवढेच लिहावे. चार किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम घटले, तर दिसायला किरकोळ. पण ६० किलोच्या माणसाचे ६ किलो घटण्यासारखे ते आहे. अशी घट वहीत दिसली की पशुवैद्याकडे जाण्यास विलंब करू नये. तीर्थयात्रेसाठी घर बंद करताना त्याला परक्या जागी पाठवण्यापेक्षा ओळखीच्या माणसाने घरी येऊन पाहावे, हे बरे. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी आतल्या खोलीत त्याचे खोके, पाणी आणि तबक आधीच मांडून ठेवावे.

नातवंडांना या कामात जरूर घ्यावे. संथ मांजराबरोबर खेळताना मुलाला हात आवरावा लागतो, वाट पाहावी लागते. हा संस्कार पुढे घरातील आजी-आजोबांच्याही उपयोगी पडतो. हळूहळू असे दिवस येतील, की मांजर झडप घालणार नाही, पंजाही उचलणार नाही; केवळ डोळ्यांनी पट्टीचा माग घेत राहील. तेव्हा 'आता याला काही कळत नाही' असे म्हणून काठी कपाटात टाकू नये. त्या डोळ्यांची हालचाल हाच त्याचा त्या दिवशीचा उद्योग असतो, आणि तो त्याला शेवटपर्यंत मिळाला पाहिजे.