साठ, पन्नास आणि सहा!

आपला इंजिनिअरिंगवाल्यांचा आकड्यांवर भारी विश्वास. पार्ट्स जास्त म्हणजे मशीन मोठं! पण हाच नियम प्राण्यांच्या पेशीला लावला की पंचाईत होते.

पेशीतला डीएनए ज्या तुकड्यांत गुंडाळलेला असतो ती गुणसूत्रं. माणसात ती 46, गायीत आणि शेळीत 60, मेंढीत 54, म्हशीत 50 आणि मेसमध्ये भेटणाऱ्या कोंबडीत चक्क 78! मग कोंबडी आपल्यापेक्षा थोर का? छे! तिची बरीचशी गुणसूत्रं ठिपक्याएवढी असतात.

खरी गंमत आपल्याकडच्या गोठ्यात आहे. माणदेशातली खिलार गाय घ्या. नर-मादी ठरवणारी जोडी बाजूला ठेवली तर उरतात 29 जोड्या, सगळ्या एकाच भुजेच्या. आता शेजारची पंढरपुरी म्हैस बघा. गायीतल्या दहा जोड्या तिच्यात दोन-दोन सांधून पाच झालेल्या दिसतात. 29 मधून 5 गेले, राहिल्या 24; बाजूला ठेवलेली एक मिळवली की 25 जोड्या, म्हणजेच 50 गुणसूत्रं. शेळी-मेंढीचं गणितही असंच, फक्त तिथं सांधे तीन. थोडक्यात, माल बराचसा तोच, वेल्डिंग वेगळं.

या सगळ्यांवर कडी करतं ते भेकर. कोयना-चांदोलीच्या जंगलात कुत्र्यासारखं भुंकणारं हे छोटं हरीण. 1970 साली वुर्स्टर आणि बेनिर्श्के या शास्त्रज्ञांनी भारतीय भेकराची गुणसूत्रं जाहीर केली : मादीत 6, नरात 7. सस्तन प्राण्यांतला हा नीचांक! त्याच्या चिनी भाऊबंदात मात्र 46. भेकरात गुणसूत्रं टोकाला टोक लागून जोडली गेली आणि त्या जोडांच्या खुणा आजही सापडतात.

"याचा आम्हाला काय उपयोग?" असं विचारणाऱ्यांनी घरच्या गोठ्याकडे बघावं. एखाद्या वळूत 1 आणि 29 नंबरची गुणसूत्रं चिकटलेली असतात. हा दोष 1964 मध्ये स्वीडनमध्ये प्रथम दाखवला गेला. वळू दिसायला धडधाकट, पण त्याच्या बीजपेशी तयार होताना वाटणी चुकते, काही गर्भ टिकत नाहीत आणि गाय उलटते. शेतकरी चाऱ्याला, नाहीतर नशिबाला दोष देतो. कृत्रिम रेतनात एका वळूच्या कांड्या हजारो गायींना जातात, म्हणजे नुकसानही तितक्या गोठ्यांत. म्हणूनच रेतनासाठी वळू निवडताना नुसती अंगकाठी आणि त्याच्या आईचं दूध बघून भागत नाही. त्याची गुणसूत्रंही तपासावी लागतात.