पाखरांची गणती आणि पायातली कडी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही पुस्तिका निघते, ते आम्हांला विज्ञान शिकवीत. मी पुढे मराठीचा प्राध्यापक झालो, तेव्हा त्यांच्या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार तोकडाच. परंतु त्यांनी मला विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर साठ वर्षे राहून गेले आहे. प्रश्न असा होता : "तळ्यावर बदके किती आहेत, हे तुला कशावरून कळले?"

माझे बालपण देवासला गेले. पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन्ही पात्या १९४८ साली मध्य भारतात विलीन झाल्या. शिकारीचा शौक मात्र विलीन झाला नाही. दिवाळी सरून काळ्या रानात गहू-हरभऱ्याच्या पेरण्या उरकल्या, की माझे एक मामा पहाटेच बंदूक घेऊन निघत. पिशवी धरायला मी. पिशवी जड झाली की मामा म्हणत, "यंदा पाखरू उदंड उतरलंय." रिकामी राहिली की, "यंदा आलंच नाही." मामांचे पहिले वाक्य मी वर्गात ऐटीत सांगितले आणि गुरुजींनी मला उभे केले.

शिकारीच्या आकड्यात तळ्यापेक्षा बंदुकांचीच गणती अधिक असते. भरतपूरच्या केवलादेव तळ्यावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, व्हाइसरॉय लिनलिथगो पाहुणे असताना, एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. तिथल्या शिलालेखांत असे आकडे अभिमानाने कोरलेले आहेत. परंतु त्या दिवशी पाण्यावर एकूण किती पक्षी होते, हे या आकड्यावरून निघत नाही. किती बंदुका होत्या, किती काडतुसे उडाली, उठलेले थवे कितीदा परत बंदुकांवर आले, यांवर तो ठरतो. जखमी होऊन गवतात दडलेले पक्षी तर कोणत्याच हिशेबात येत नाहीत.

डोळ्यांनी मोजले तरी आरंभीच्या थंडीतला आकडा फसवा असतो. सारे पाहुणे एका दिवशी येत नाहीत. भुवई बदक पावसाळा संपता संपता येते आणि पुष्कळदा पुढे दक्षिणेकडे निघून जाते. तलवार बदक, थापट्या यांचे थवे मागाहून येतात. हळदी-कुंकू तर येथलेच रहिवासी. दुरून काळा दिसणारा मोठा जमाव बहुधा वारकऱ्यांचा असतो, आणि वारकरी हे बदकच नव्हे. (काळ्या अंगावर कपाळी पांढरा टिळा पाहून हे नाव ज्याने दिले, तो निरक्षर असला तरी मी त्याला कवीच मानतो.) आणखी एक गोम आहे. पाऊस चांगला झाला की माळव्यातली लहानसहान तळी, डबकी भरलेली राहतात, पाखरे चहूकडे पांगतात आणि मोठ्या तळ्यावर कमी दिसतात. दुष्काळात उलट घडते. म्हणून १९८७ पासून आशियात पाणपक्ष्यांची गणना जानेवारीत, ये-जा थांबल्यावर, त्याच त्या पाणवठ्यांवर होते. एका वर्षाच्या आकड्याला फारसा अर्थ नाही, अनेक वर्षांच्या ओळीला आहे.

पाखरे येतात कोठून, हे गणनेने कळत नाही. त्याला कडी लागते. आपल्या माळव्याचा मान असा, की मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्याच्या आरंभी, १९२७ च्या सुमारास, रानबदकांच्या पायांत कड्या घालण्याचे काम धार संस्थानात झाले. पक्षी जिवंत धरायचा, क्रमांकाची हलकी कडी घालून सोडायचा, नोंद ठेवायची. पुढे कोठेतरी तो पक्षी सापडला आणि कोणी क्रमांक कळविला, तरच दोन टोके जुळतात. धारच्या कड्यांपैकी काही सायबेरियात मिळाल्या. म्हणजे ज्ञानाचा अर्धा वाटा ज्याच्या हाती पक्षी पडला त्याच्याकडे राहतो, आणि तो बहुधा शिकारीच असे.

१९७२ च्या कायद्याने शिकारीला बांध घातला, १९९१ च्या दुरुस्तीने उरलेले परवानेही संपविले. बंदुकीपेक्षा आता मला बुजविलेल्या तळ्यांचे आणि त्यांत सोडलेल्या सांडपाण्याचे भय अधिक वाटते. २०२२ साली इंदूरचे सिरपूर आणि यशवंतसागर यांना रामसर यादीत स्थान मिळाले, हे समाधान आहेच. पण लहान तळ्यांची यादी कोण करणार?

आता राहिलेले उत्तर. त्याच हिवाळ्यात मामांनी पाडलेल्या एका बदकाच्या पायात कडी निघाली. त्या वर्षांत सोसायटीचे कड्यांचे काम पुन्हा मोठ्या प्रमाणावर सुरू झाले होते. मी गुरुजींना सांगितले. ते म्हणाले, "आजच मुंबईला पत्र टाक." मामा म्हणाले, "टाकू रे, घाई काय आहे?" मी पुन्हा विचारले नाही, मामांचा धाक होता. गुरुजींनी मात्र दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा मी "टाकले" म्हणालो.

मामा गेल्यावर त्यांच्या काडतुसांच्या डब्यात ती कडी सापडली. क्रमांकाचे शेवटचे अंक झिजले आहेत. यंदा मी पत्र टाकले. ठिकाण लिहिता आले. तारखेच्या जागी 'दिवाळीनंतर, १९६२ किंवा १९६३' एवढेच लिहिले.