चित्रातली बाई आणि तिचं नाव

१८०० साली पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात मारी-गिल्मिन बेनुआ या चित्रकर्तीचं एक तैलचित्र लागलं. खुर्चीत बसलेली काळी तरुणी, डोक्याला पांढरं फडकं, खुर्चीवर निळं वस्त्र, कमरेशी लाल फीत. फ्रेंच प्रजासत्ताकाच्या झेंड्याचेच हे तीन रंग. वसाहतींतली गुलामगिरी फ्रान्सने १७९४ मध्ये रद्द केली होती. १८०२ मध्ये नेपोलियनने ती पुन्हा आणली. हे चित्र त्या दोन निर्णयांच्या मधलं आहे.

त्याआधी १७८३ मध्ये चित्रकर्ती विजे-ल ब्रँने राणी मारी आंत्वानेतला साध्या मलमलीच्या झग्यात रंगवलं, तेव्हा एवढा गहजब झाला की चित्र प्रदर्शनातून काढावं लागलं. राणीच्या कपड्यांवरून समाज भांडत होता, कारण ती कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. बेनुआच्या तरुणीबद्दल मात्र शीर्षकात फक्त तिचा वर्ण होता. ती ग्वादलूपहून आलेली, चित्रकर्तीच्या दिराच्या घरची मोलकरीण. तिचं मादलेन हे नाव चित्राला लागलं ते २०१९ मध्ये, पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयाच्या प्रदर्शनात. चित्रकार मानेच्या ‘ऑलिंपिया’तल्या फुलं आणणाऱ्या दासीचं लोर हे नावही त्याच प्रदर्शनाने पुढे आणलं. स्त्रीच्या चित्राचा इतिहास मला या नावांपासून वाचावासा वाटतो.

आपल्याकडेही परिस्थिती फार वेगळी नाही. १८६८ ते १८७५ दरम्यान इंग्रज सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे ८ खंड काढले, त्यात माणसं जात-जमातीचे नमुने म्हणून छापली गेली. १९२० च्या सुमारास ऑटो रॉथफेल्ड या आयसीएस अधिकाऱ्याच्या ‘विमेन ऑफ इंडिया’साठी महादेव विश्वनाथ धुरंधरांनी चित्रं काढली. पदराची चुणी, पावलाची ठेवण, मानेचा डौल धुरंधरांइतका क्वचितच कुणी टिपला असेल. तरी पुस्तकातल्या बाया प्रांताच्या आणि जातीच्या खुणांनीच ओळखल्या जातात. धुरंधरांचीच कन्या अंबिका पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून स्वतः चित्रकार झाली. पुस्तकातल्या बायांपैकी कुणाला असं ब्रश हाती घेता आलं असतं का, हा प्रश्न मला सोडत नाही.

चित्रकार सावळाराम हळदणकरांची गोष्ट त्याहून निराळी. हातात समई धरलेल्या स्त्रीचं त्यांचं जलरंगचित्र, ‘ग्लो ऑफ होप’, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. कित्येक जण ते आजही राजा रविवर्म्याचं समजतात. रविवर्मा १९०६ मध्येच वारले आणि हे चित्र १९४५-४६ चं. समोर उभी होती हळदणकरांची मुलगी गीता. गीता उपळेकर २०१८ मध्ये कोल्हापुरात, वयाच्या १०२व्या वर्षी गेल्या, तेव्हा चित्रातल्या बाईची बातमी झाली. इथे नाव होतं, कारण चित्रकार बाप होता.

चित्रातल्या बाईचं नाव हरवण्याची ही गोष्ट नंदुरबार जिल्ह्यात अधिकच लागू पडते. २०११ च्या जनगणनेत इथले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला कॅमेरे येतात, चांदीने मढलेल्या भिल्ल आणि पावरा बायांचे फोटो निघतात, आणि खाली छापतात ‘आदिवासी महिला’. याच जिल्ह्यातलं मणिबेली गाव सरदार सरोवर धरणात बुडताना पाण्यासमोर उभ्या राहिलेल्या बायांचे फोटोही अनेकदा असेच छापले गेले. गाव विचारलं जातं, सणाचं नाव विचारलं जातं. ज्यांचा फोटो काढला त्यांना नाव विचारायला, आणि ते छापलं तर चालेल का हे विचारायला, एक मिनिट पुरतं.