शेरीनाला: बोट कुणाकडे?

सांगलीतल्या शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत मिसळतं, म्हणून नागरिकांनी आंदोलनं केली. नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेलं. मार्च २०२३मध्ये अंकलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हा बोट साखर कारखान्यांकडे वळलं. ते रास्तच, पण तेवढ्यानं महापालिका सुटत नाही. मळी असो वा मैला, तो कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू खातात. माशांसाठी तो लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम लागतो. ‘कोयनेचं पाणी सोडा, घाण वाहून जाईल’ असंही म्हणतात. जाईल की, खाली नृसिंहवाडीकडे! शिवाय उन्हाळ्यात त्याच पाण्यावर शेतीचाही हक्क असतो. सांडपाणी उचलून धुळगावच्या शिवाराला देणारी योजना म्हणूनच अखंड चालायला हवी.