पेटीची किल्ली आणि आपल्या दारातलं विज्ञान

मागच्या महिन्यात औंढ्याकडच्या एका गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले, आणि एक ताई म्हणाल्या, "माझा पोरगा लायगोच्या कामावर जाणार आहे. मी म्हटलं, ओळखपत्राचा फोटो स्टेटसला ठेव, पाव्हण्यारावळ्यांना दिसू दे. तो नको म्हणतो. एवढं काय आहे त्यात?" प्रश्न चांगला होता, म्हणून आज त्यावरच बोलू.

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा होते आहे. दूर अंतराळात दोन प्रचंड वस्तू एकमेकींवर आदळल्या की अवकाशात लाटा उठतात. त्या इथे येईपर्यंत फारच बारीक होतात. त्या टिपायला काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या आणि लेसरचा प्रकाश लागतो. २०२३ मध्ये केंद्र सरकारने यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे पैसा तुमचा-आमचा. काडीपेटी घेतली तरी आपण कर भरतोच.

आता एक गंमत बघा. या कामात अमेरिका आपली भागीदार आहे, काही यंत्रसामग्रीही तिकडूनच येणार. मग परदेशी माणसापासून जपायचं कसं?

आपल्या गटाचंच बघा ना. हिशोबाची वही आपण सगळ्यांसमोर उघडतो. बँकेचे साहेब आले तरी दाखवतो. पण पेटीची किल्ली अनोळखी माणसाला देत नाही. विज्ञानाचंही तसंच. करार करून, सांगून, उजेडात काम करणारा तो सोबती. खोटं नाव घेऊन, पैसे किंवा प्रेमाचं आमिष दाखवून आतली माहिती काढतो, ती ढवळाढवळ. गोरा माणूस दिसला म्हणून संशय घ्यायचा नाही. तो आपला पाहुणाही असेल.

हे आमिष कसं येतं? मे २०२३ मध्ये पुण्यात संरक्षण संशोधन संस्थेच्या, म्हणजे डीआरडीओच्या, एका मोठ्या शास्त्रज्ञाला एटीएसने अटक केली. मोबाईलवर ओळख झालेल्या एका बाईला त्यांनी गुप्त माहिती दिली आणि ती बाई म्हणजे पाकिस्तानी हेर, असा पोलिसांचा आरोप आहे. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवतं. पण आपण धडा घ्यावा. एवढ्या शिकलेल्या माणसापर्यंत मोबाईलमधून पोचता येत असेल, तर आपल्या पोरांपर्यंत पोचायला कितीसा वेळ! ओळखपत्राच्या फोटोवरून कोणी तसंच खोटं ओळखपत्र बनवू शकतं. म्हणून त्या ताईंचा पोरगा बरोबर होता.

दुसरी गोष्ट आपल्या हळदीची. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. आपल्या आजीचं औषध, आणि मालकी त्यांची! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संस्थेचे प्रमुख होते. संस्थेने जुने ग्रंथ आणि छापलेले लेख पुरावा म्हणून दिले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आजीला माहीत होतं, एवढ्यावर भागलं नाही. लिहिलेलं होतं, ते कामी आलं. आपण ठराव वही का लिहितो, ते इथे कळतं.

पुढे २००२ मध्ये जैवविविधता कायदा आला. परदेशी माणसाला किंवा कंपनीला संशोधनासाठी इथलं बेणं, वनस्पती न्यायची असेल, तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि त्यात बायाही असतात. आपल्या वसमतच्या हळदीचा मान वाढतो आहे, म्हणून हे आपल्याला ठाऊक हवं.

मग आपण काय करायचं?

एक, घरातलं कोणी सरकारी प्रकल्पावर असेल, तर ओळखपत्र, आतले फोटो, पासवर्ड कोणाला पाठवायचे नाहीत.

दोन, अनोळखी माणूस "फक्त फोटो पाठवा, पैसे टाकतो" म्हणाला, तर उत्तर द्यायचं नाही. मेसेज पुसायचा नाही, कामावरच्या साहेबांना किंवा पोलीस ठाण्यात दाखवायचा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावायचा.

तीन, बेणं किंवा झाडपाल्याचे नमुने मागायला कोणी आलं, तर नाव, संस्था आणि परवानगीचा कागद विचारायचा, आणि ग्रामपंचायतीला कळवायचं.

चार, पोरगं चुकलंच तर आरडाओरडा करायचा नाही. लाजेने ते गप्प बसतं, आणि समोरचा त्याच भीतीवर त्याला आणखी अडकवतो. "सांग, आम्ही सोबत आहोत," एवढं म्हणायचं.

त्या बैठकीत शेवटी त्या ताई हसून म्हणाल्या, "बरं, मग पाव्हण्यांना तोंडानेच सांगते, पोरगं कामाला लागलं म्हणून." तुमच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटं यावर बोला, आणि कोण काय म्हणालं ते वहीत लिहून ठेवा.